माळ्यावरची बोचकी

जुने कापड टाकून देण्यास ज्या हातांना जड जाते, ते हात बहुधा संसार केलेल्या स्त्रीचे असतात. पुरुषाच्या लेखी विटलेले धोतर म्हणजे विटलेले धोतर. ते डोळ्यांआड झाले तरी त्याला त्याची आठवण होत नाही. स्त्री ते हातात घेते, उजेडासमोर धरते, कोठे विरले आहे आणि कोठे अजून दम आहे हे बोटांनी चाचपून पाहते, आणि मग घडी घालून बाजूस ठेवते. "राहू दे, लागेल कधीतरी," असे ती स्वतःशीच पुटपुटते. या चार शब्दांवर महाराष्ट्रातील किती माळे, किती फडताळे आणि किती लोखंडी पेट्या भरल्या असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

बोचके एका दिवसात होत नाही. आरंभी एक फाटके लुगडे असते. त्यात सासऱ्यांचे उपरणे येऊन पडते, मुलांची आखूड झालेली पोलकी येतात, शिंप्याकडून उरलेले चार तुकडे येतात. लुगड्याच्या चारी टोकांची गाठ मारली, की ते बोचके झाले. ते भरले, की दुसरे. शिवाय आपल्याकडे वस्त्र नुसते विकत घेतले जात नाही, ते येते आणि जाते. लग्नामुंजीत आहेर होतात, बारशाला कुंची-टोपडे येते, आणि सवाष्ण घरी आली म्हणजे खणानारळाने तिची ओटी भरावी लागते. पूर्वी हा खण चोळीचा असे आणि त्याची चोळीच होई. आता त्याची जागा ब्लाउजपीसने घेतली आहे. यांतील कित्येक तुकडे असे असतात, की ते या घरातून त्या घरी आणि त्या घरातून तिसऱ्या घरी जातात, आणि एखादे वर्षी आपल्या मूळ मालकिणीच्या पदरात परत येऊन पडतात. त्यांना सुई कधी लागतच नाही. वापरण्यासाठी विणलेल्या कापडाच्या वाट्याला असा संन्यास यावा, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे.

खऱ्या संन्याशांना मात्र कापड साठवून ठेवण्याची मोकळीक नव्हती. गौतम बुद्धांनी आपल्या भिक्षूंसाठी जे नियम घालून दिले, ते विनयपिटकात आले आहेत. गरजेपेक्षा अधिक चीवर हाती आले, तर ते दहा दिवसांपलीकडे जवळ ठेवू नये, असा त्यांतील एक नियम आहे. भिक्षूंचे चीवर अखंड नसे. तुकडे जोडून ते शिवलेले असे. मगध देशातून जाताना बुद्धांच्या दृष्टीस भाताची शेते पडली. बांधांनी आखलेली ती चौकोनी खाचरे पाहून त्यांनी आनंदाला विचारले, की अशा आखणीचे चीवर तुला करता येईल काय? आनंदाने ते करून दाखविले. वर्षावास संपल्यावर भिक्षू एकत्र बसत आणि मिळालेल्या कापडाचे चीवर त्याच दिवसात पुरे करीत. कोणी बेतावे, कोणी शिवावे, कोणी रंगवावे, असे ते काम चाले.

याच आनंदाची आणखी एक कथा चुल्लवग्गात आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजाला हे रुचले नाही. एका भिक्षूला पाचशे वस्त्रे कशाला? हा कापडाचे दुकान मांडणार आहे की काय, अशी शंका घेऊन तो आनंदाकडे आला. आनंदाने शांतपणे सांगितले, की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटू. मग जीर्ण चीवरांचे काय करणार, असे राजाने विचारले. त्यांची अंथरुणावरची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची बसकरे. त्या बसकरांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झाडण्याची फडकी. आणि ती फडकीही झिजली, म्हणजे त्यांचे बारीक तुकडे करून चिखलात मळू आणि त्या चिखलाने जमीन सारवू. राजाला आता विचारण्यासारखे काही उरले नाही. त्याने आणखी पाचशे वस्त्रे आनंदाला दिली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या संवादात एका चिंधीचा जेवढा विचार झाला आहे, तेवढा आजच्या एखाद्या संपन्न घरात नव्या कोऱ्या वस्त्राचाही होत नसेल.

परंतु भिक्षूला घर नसते. त्याला पोरेबाळे नसतात, आणि थंडीच्या रात्री कोणाला काय पांघरावे, ही विवंचनाही नसते. जिला ती असते, तिचे साठवणे हावरेपणाचे असतेच असे नाही.

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात, अशीच एक आजी आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरच्या परिसरात मोठा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि हजारो घरे बसली. आजी तेव्हा नुकतीच लग्न होऊन या घरी आलेली होती. घरातील माणसे वाचली; परंतु मागच्या भिंतीबरोबर सारे अंथरूणपांघरूण मातीखाली गेले. धक्के थांबत नव्हते, म्हणून उभ्या राहिलेल्या घरांतही कोणी निजेना. ऐन थंडीत सारा गाव खळ्यावर आणि शेतात उघड्यावर पडला. आजीच्या घरची सात माणसे होती आणि हाती लागलेल्या गोधड्या दोन होत्या. एक म्हाताऱ्या सासूसासऱ्यांना दिली. दुसरी आडवी करून बाकीच्या पाच जणांनी गुडघ्यापर्यंत ओढून घेतली. ती रात्र आजी कोणाला फारशी सांगत नाहीत. मात्र त्यानंतर पन्नासाहून अधिक वर्षे त्या घरातून सुती कापडाचा वीतभर तुकडाही बाहेर गेला नाही.

माळ्यावर एकामागून एक बोचकी चढत गेली. पहिल्या काही वर्षांत आजी दर उन्हाळ्यात एखादी गोधडी शिवीत. पुढे मुले झाली, शेती वाढली, डोळे मंदावले. साठवण चालू राहिली आणि शिवण मागे पडले. दरम्यान बाजारातून सोलापुरी चादरी आल्या, नंतर मऊ रंगीत ब्लँकेटे आली. माळ्यावर हात घालण्याची कोणाला गरजच उरली नाही. बोचकी चौदा झाली. उन्हाळ्याच्या आरंभी थोरल्या मुलाने पत्रे बदलण्यासाठी माळा रिकामा करावयास घेतला, तेव्हा दोन बोचक्यांत उंदरांची बिळे निघाली. एकातले कापड हातात धरताच कसरीने खाल्ल्यासारखे भुरभुरले.

"आई, उंदरांसाठी का सांभाळलेस हे सगळे?" मुलगा म्हणाला.

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. आजी उत्तर न देता त्या भुशाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी आपण होऊन धाकट्या सुनेला सांगितले, "उद्यापासून गल्लीतल्या बायकांना बोलाव. पाऊस पडायच्या आत सगळे शिवून टाकू."

गोधडी एकटीनेही शिवता येते; पण मग दुपारमागून दुपार जाते. चौघीजणी बसल्या, तर तेच काम थोड्या दिवसांत उरकते. म्हणून एकत्र बसून शिवण्याची चाल पुष्कळ देशांत आहे. आपल्या बंगालमध्ये जुन्या साड्यांची कांथा शिवताना दोराही त्याच साड्यांच्या काठांतून उसवून काढीत. अमेरिकेत गोधडी शिवण्यासाठी शेजारणी जमत, आणि आज तेथील कित्येक स्त्रिया घरात साचलेले कापड गाडीत घालून, तीनचार दिवस एखाद्या निवांत जागी एकत्र राहून ते शिवून संपविण्याचा प्रयत्न करतात. परतताना वाटेत आणखी कापड घेतात, अशी त्यांचीच थट्टा आहे. अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची नदीच्या वळणातील एक गरीब वस्ती आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया शेतावर झिजलेल्या विजारींच्या आणि सदऱ्यांच्या गोधड्या शिवीत. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांच्या भिंतींवर मानाने लावल्या गेल्या. आपल्याकडे मात्र गोधडी ही बराच काळ दारिद्र्याची खूण मानली गेली. गाडगेबाबा (१८७६–१९५६) अंगावर ठिगळांचे वस्त्र घालीत, त्यावरून लोक त्यांना 'गोधडेमहाराज' म्हणत. त्या नावात आधी थट्टा असेल, पुढे त्यात आदर आला. कापड मात्र तेच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणे आटोपल्यावर आजींच्या सोप्यात सातआठ जणी जमल्या. कोणी आपली सुई आणली, कोणी मेणाचा तुकडा. शेजारच्या काकूंनी आपल्या घरचेही एक बोचके काखोटीस मारून आणले होते. शिवण्याचा आरंभ त्या दिवशी झालाच नाही. सारी दुपार निवडण्यात गेली.

बोचक्याची गाठ सुटली, की पन्नास वर्षांचा वास येतो. त्यात कापूर असतो, कडुनिंबाचा वाळलेला पाला असतो, धूर असतो आणि कोंदट ऊबही असते. एकेक वस्त्र बाहेर येऊ लागले. हे इरकली लुगडे पहिल्या मंगळागौरीचे. हा कोपरीचा तुकडा मामंजींचा. हे मांजरपाट कोणाचे, ते कोणालाच आठवेना. जे अजून दमदार होते, ते वरच्या आणि तळच्या अस्तरासाठी एकीकडे गेले. विरलेले परंतु मऊ होते ते दुसरीकडे, कारण गोधडीच्या पोटात तेच लागते. नऊवारी लुगड्याच्या चार घड्या घातल्या, की एका गोधडीचे पोट निघते. नायलॉनच्या आणि तत्सम कृत्रिम धाग्याच्या साड्यांचा ढीग सर्वांत उंच झाला. दिसावयास त्या नव्यासारख्या होत्या. पण त्यांचे थर एकावर एक ठरत नाहीत, सुईखालून निसटतात. घाम शोषून घेत नाहीत. काकूंनी निकाल दिला, की यांच्या वेण्या घालून पायपुसणी करावीत. कौशांबीच्या राजाची कथा काकूंनी ऐकलेली नव्हती.

याच निवडण्यात तळाच्या पेटीतून एक चंद्रकळा निघाली. काळीभोर, एकदाही न नेसलेली. आजींच्या आईने पहिल्या संक्रांतीला पाठविली होती. ती संक्रांत भूकंपानंतर महिनाभराने आली आणि त्या वर्षी कोणी सण केला नाही. पुढच्या वर्षी नेसू म्हणून ती ठेवली गेली. पुढच्या वर्षी सुतक होते. नंतर चांगली आहे म्हणून ठेवली, नंतर लेकीसाठी ठेवली. आजोबा गेल्यावर तो प्रश्नच मिटला. धाकट्या सुनेने ती कौतुकाने उलगडली, आणि प्रत्येक घडीवर ती अलगद फाटत गेली. आवाजसुद्धा झाला नाही. जेथे घडी नव्हती, तेथे कापड नवेकोरे होते. जेथे घडी होती, तेथे ते नव्हतेच. शेजारीच आजींचे रोजच्या वापरातले, दगडावर हजार वेळा आपटलेले लुगडे पडले होते. ते विटले होते, पातळ झाले होते, पण ओढून पाहिले तर धरून होते.

सोप्यात कोणी काही बोलले नाही. आजींनी कात्री मागितली. घडीघडीच्या मधले चांगले चौकोन त्यांनी स्वतःच्या हाताने कापून काढले. बावीस चौकोन निघाले. "काळे हवेच होते," त्या म्हणाल्या, "त्याशिवाय बाकीचे रंग उठत नाहीत."

तिसऱ्या दिवसापासून सुया चालू लागल्या. जमीन झाडून तळाचे लुगडे पसरावयाचे, त्याच्या कोपऱ्यांवर वरवंटा, माप, पितळी तांब्या असे जे हाती येईल ते वजन ठेवावयाचे. त्यावर पोटाचे थर. कोठे खड्डा नको, कोठे उंचवटा नको. गुंड्या, जाड शिवणी, काजी आधीच काढलेल्या, कारण एक राहून गेलेली गुंडी रात्रभर पाठीला टोचते. सर्वांत वर ठिगळांची रांगोळी, आणि कडेने लुगड्याच्या काठाची पट्टी. लांबलांब कच्चे टाके घालून हे सारे एकमेकांना धरून ठेवले, की मग धावदोरा सुरू होतो. तो मधून सुरू करावयाचा नाही, कडेपासून. चार बाजूंना चौघी बसतात आणि एक चौकट पुरी करून, दोन बोटे आत सरकून, दुसरी चौकट धरतात. जसजशा चौकटी लहान होतात, तसतशा शिवणाऱ्या एकमेकींच्या जवळ येतात. शेवटी मध्यभागी चौघींची डोकी एकमेकींना लागू लागतात. ते टाक्यांचे बांध आणि मधली रंगीत खाचरे पाहिली, म्हणजे कोयनाकाठची भातशेती डोळ्यांपुढे येते.

टाका पाहून शिवणारीचे नाव सांगता येते. काकूंचा टाका आखडता, मुंग्यांच्या रांगेसारखा. धाकट्या सुनेचा लांब आणि घाईचा. आजींच्या सुईत दोरा नातीला ओवून द्यावा लागे. मात्र एकदा ओवून दिला, की त्यांची सुई डोळ्यांवाचून चाले. डाव्या हाताच्या बोटाने त्या खालून टाका चाचपीत, आणि उजवा हात आपोआप पुढे जाई. नात आठवीत शिकणारी. पहिल्या दिवशी तिला हे काम कंटाळवाणे वाटले. दुसऱ्या दिवशी तिने एक ओळ शिवली; ती वाकडी गेली. काकू ती उसवू लागल्या, तेव्हा आजी म्हणाल्या, "राहू द्या हो. अंगावर घेतल्यावर वाकडे कोण बघतंय!"

पाचव्या दिवशी सर्व बोचकी रिकामी झाली, एकाखेरीज. ते लहानसे होते, आजींच्या मांडीशीच होते आणि कोणी त्याला हात लावला नव्हता. त्यात हिरव्या छिटाचा एक लहान परकर होता, हे थोरल्या जावेला ठाऊक होते. आजींची मधली मुलगी पाच वर्षांची होऊन तापाने गेली होती. घरात तिचे छायाचित्र नाही. गोधडीचे तिसरे पोट अंथरून झाले, वरची ठिगळे मांडावयाची वेळ आली, तेव्हा आजींनी ते बोचके सोडले. परकर त्यांनी वर मांडला नाही. उघडा करून, हाताने सारखा करून, दोन विरलेल्या लुगड्यांच्या मध्ये त्यांनी तो ठेवला आणि वरचा थर ओढून घेतला.

"वर लावला असता, छान दिसला असता," नात म्हणाली.

"वर उन्हाने रंग जातो," आजी म्हणाल्या. थोरल्या जावेने काही न बोलता त्या बाजूचे कच्चे टाके घालावयास घेतले.

आठ दिवसांत नऊ गोधड्या झाल्या आणि एक दुपटे झाले. जी बायका-माणसे शिवावयास येत होती, त्यांना एकेक देण्याचे आजींनी ठरविले. पन्नास वर्षे वीतभर तुकडा बाहेर न जाऊ देणाऱ्या बाईचा हा निर्णय ऐकून मुलाने आईकडे पाहिले. आजी मात्र पत्र्याचे माप घेणाऱ्या सुताराशी बोलण्यात गुंतल्या होत्या. चिंध्यांचा जो शेवटचा भुगा उरला, तो त्यांनी एका उशीच्या अभ्र्यात भरावयास लावला.

गोधड्या घरोघर जाण्याआधी एक रात्र मात्र त्यांनी मागून घेतली. वैशाख संपत आला होता, तरी खोऱ्यात पहाटे गारवा उतरतो. माळा उघडा होता, पत्रे काढलेले होते, म्हणून सर्वांनी अंगणातच निजावयाचे ठरविले. शिवणाऱ्याही त्या रात्री तेथेच राहिल्या. एकेक गोधडी झटकून पसरली गेली. नव्या टाक्यांचा ताठरपणा अजून गेला नव्हता. चंद्रकळेचे काळे चौकोन चांदण्यात दिसेनासे झाले. नातीने हिरव्या परकराची गोधडी उचलली. त्यात काय आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिची वाकडी ओळ त्याच गोधडीवर होती, एवढेच.

बराच वेळ बोलणी चालली आणि मग एकेक आवाज मिटत गेला. आजी उठून बसल्या होत्या. बोटाने दाखवीत त्या हलक्या आवाजात मोजत होत्या, आधी माणसे, मग गोधड्या. दोनदा मोजूनही दोन गोधड्या उरत होत्या. त्या दोन्ही घेऊन त्या उठल्या, आणि सारे निजले आहेत असे पाहून, ज्यांच्या अंगावर आधीच एकेक होती त्यांतल्या दोघांच्या अंगावर त्यांनी त्या घातल्या.